मार परत आला नाही

पेणकरपाड्याच्या मैदानात त्या रविवारी सकाळी नऊ वाजताच पाय ठेवायला जागा नव्हती, आणि ज्यांना जागा मिळाली होती त्यांतल्या निम्म्यांना पाय टेकवता येत नव्हता. कुणाचा घोटा सुजलेला, कुणाच्या गुडघ्याला क्रेप बँडेज, कुणाचा हात गळ्यात बांधलेला. मीरा रोडपासून उत्तनपर्यंतचे कबड्डीवाले, फुटबॉलवाले, क्रिकेटवाले लंगडत आले होते. एक कॅरमवालाही होता. कॅरम खेळताना माणसाला नेमकं काय लागतं हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण त्याची आई सोबत होती म्हणून गप्प बसलो.

स्टेजवर बंधनगुरू बसले होते. वय पस्तीस, अंगात भगवा ट्रॅकसूट, त्यावर शाल, गळ्यात रुद्राक्ष आणि रुद्राक्षातच अडकवलेली पंचाची शिट्टी. दोन वर्षांपूर्वीपर्यंत याचं नाव रोहित होतं आणि तो एका जिममध्ये लोकांना डंबेल उचलून द्यायचा. मग एके दिवशी त्याला साक्षात्कार झाला. डंबेलपेक्षा दोरा हलका असतो, हाच तो साक्षात्कार असावा असं माझं मत आहे.

"मार म्हणजे काय?" गुरूंनी माइक तोंडाशी धरला. "मार म्हणजे पाहुणा. एकदा आला की त्याला तुमच्या बॉडीचा पत्ता कळतो. मग तो परत येणारच. डॉक्टर काय करतो? पाहुण्याला चहा पाजतो. गोळी दिली, चहा. सूज उतरवली, चहा. आम्ही काय करतो? हम पत्ता ही बदल देते हैं."

टाळ्या.

"आता लिगामेंट म्हणजे काय? शब्द नीट ऐका. लिगा-मेंट. मेंट म्हणजे मेंटल. म्हणजे मार कुठे बसलाय? गुडघ्यात नाही. मनात."

पुन्हा टाळ्या. माझ्या शेजारी एक माणूस वहीत हे लिहून घेत होता. गुरूंना 'टुर्नामेंट' आणि 'सिमेंट' हे शब्द सुचले नाहीत हे आपलं नशीब.

मग प्रत्यक्ष चमत्कार. स्वप्नील नावाचा एक दांडगा पोरगा दोघांच्या खांद्यावर हात टाकून वर आला. गुरूंनी त्याचा घोटा शालीखाली घेतला, 'हिमतीर्थ' असं पुटपुटले, शालीखालून फुस्स, फुस्स असा आवाज आला. मग काळा दोरा, सात गाठी, आणि हुकूम सुटला, "मार उडी." स्वप्नीलने उडी मारली. आणखी दोन मारल्या. मैदान उसळलं.

"मार गेला," गुरू ओरडले.

"परत आला नाही," मैदान गरजलं.

ही त्यांची घोषणा. रिक्षांच्या मागेही लिहिलेली असते.

मी कबड्डीचा गुणलेखक आहे. कमळाकर म्हणतात मला. पंचवीस वर्षं मैदानाच्या कडेला टेबल टाकून कोणाची चढाई, कोणाची पकड, कोण बाद, कोण दुखापतीने बाहेर, हे लिहितोय. खेळाडूला हार घालतात, पंचाला शिव्या घालतात, गुणलेखकाला कोणी काहीच घालत नाही. पण हिमतीर्थाचा वास मला लगेच कळला. आमच्या टेबलाखालच्या प्रथमोपचार पेटीत त्याचा डबा असतो. थंड स्प्रे. मारला की पाच-दहा मिनिटं जागा बधिर होते आणि माणूस नाचतो. हिमालयातलं तीर्थ फुस्स करून बाहेर येत असेल, तर हिमालयात आता गॅस भरून मिळतो म्हणायचं.

तर फुसफुस हसण्यावारी नेता आली. मला गप्प केलं ते स्टेजमागच्या फ्लेक्सने. त्यावर लिहिलं होतं: 'बांधलेले खेळाडू २४०. मार परत आला नाही २२८. म्हणजे ९५ टक्के. पुरावा: रजिस्टर.'

मी आकड्यांचा माणूस. पंचाण्णव टक्क्यांपुढे माझी टिंगल लंगडी पडली. आणि टिंगल करून भागणारही नव्हतं, कारण दिशाचा पाय त्या दोऱ्यात जाणार होता.

दिशा एकोणीस वर्षांची. आमच्या मंडळाची चढाईपटू. समोरच्या कोपरारक्षकाला हुलकावणी देऊन ती अशी वळते की लिहिताना माझं पेन मागे पडतं. तीन आठवड्यांपूर्वी एका सामन्यात तशीच वळताना तिचा उजवा गुडघा आतल्या आत मुरडला. मिनलने तपासलं. मिनल फिजिओथेरपिस्ट आहे, आमच्या सामन्यांना हौसेने येऊन बसते. एमआरआय काढला, हाडांच्या डॉक्टरांनी पाहिला, आणि मिनलने दिशाला समोर बसवून सांगितलं, "लिगामेंट अर्धा फाटलाय. अर्धा शाबूत आहे. चार महिने नीट व्यायाम केलास तर बहुतेक ऑपरेशनशिवाय खेळशील. आत्ता एकदा जोरात वळलीस तर उरलेला अर्धा जाईल."

आणि जिल्हा निवड चाचणी पुढच्या रविवारी होती.

दिशा तिच्या आत्याकडे राहते. हौसाबाई, माझ्याच मजल्यावर, समोरचं दार. एका शाळेच्या ऑफिसात पस्तीस वर्षं हजेरीपट, दाखले, आवक-जावक लिहून निवृत्त झाल्या. बाई काटेकोर इतक्या की दूधवाला एक दिवस उशिरा आला तर कॅलेंडरवर लाल शाईने 'उशिरा' असं लिहितात. आणि गंमत बघा, बंधनगुरूंचं ते रजिस्टर लिहायच्या याच. सेवा म्हणून.

बुधवारी मी त्यांच्याकडे गेलो. दिशा खुर्चीत, पाय समोरच्या स्टुलावर.

"हौसाबाई, मिनल काय म्हणाली ते ऐकलंत ना?"

"ऐकलं. ती पोरगी शिकलेली आहे, मी नाही म्हणत नाही. पण तिच्याकडे पंचाण्णव टक्के आहेत का?"

"गुरूंकडे तरी कशावरून आहेत?"

बाईंना ते लागलं. त्या उठल्या, आतून कापडात गुंडाळलेलं रजिस्टर आणलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. "हे माझ्या हातचं आहे. एक अक्षर खोटं सापडलं तर सांगा. दोन वर्षांत कधी खाडाखोड नाही. शनिवारी दिशाला बांधणार, रविवारी ती खेळणार."

"काका, मला खेळायचंय," दिशा म्हणाली. "पुढच्या वर्षी मी वयात बसत नाही. ही शेवटचीच चाचणी आहे माझी या गटातली." मी रजिस्टर उघडलं.

खरंच देखणं होतं. अनुक्रमांक, नाव, गाव, फोन, कुठे लागलं, बांधल्याची तारीख. शेवटच्या रकान्याचं नाव 'एकविसावा दिवस'. कारण गुरू प्रत्येकाला एकवीस दिवसांनी गाठी तपासायला बोलवायचे. त्या रकान्यात ओळीने, मोत्यासारख्या अक्षरात: परत आला नाही. परत आला नाही. परत आला नाही.

गुणलेखकाला एक खोड असते, काना-वेलांटी सोडवत नाही. मी बोट फिरवत चाललो होतो. चौतिसावी नोंद, इशिता, चेणे, डावा गुडघा. परत आली नाही.

माझं बोट थांबलं. मी पुढच्या मुली शोधल्या. मिळाल्या तेवढ्या सगळ्या 'आली नाही'. मुलगे सगळे 'आला नाही'. आता मार पुल्लिंगी. तो मुलीला लागला म्हणून काय साडी नेसतो?

मी काही बोललो नाही. बोललो असतो तर बाई तडक गुरूंकडे गेल्या असत्या आणि रातोरात सगळे मार व्याकरणशुद्ध झाले असते. मी म्हटलं, "पानांचे फोटो घेऊ का? मला जरा अभ्यास करायचाय."

"खुशाल घ्या. लपवायचं काय त्यात?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मिनलच्या क्लिनिकमध्ये मी ते फोटो तिच्यापुढे टाकले. तिने आला-आली वाचलं, दोनदा वाचलं, आणि डोकं धरून हसत सुटली. मग एकदम गंभीर झाली.

"काका, मला रोज हेच दिसतं. तपासायला परत न येणारा पेशंट बरा झाला असं प्रत्येक डॉक्टरला वाटतं. मलाही वाटायचं. पण तो बरा झालेला असतो, किंवा दुसऱ्या डॉक्टरकडे गेलेला असतो, किंवा खेळणं सोडून घरी बसलेला असतो. त्या रकान्यात खरं तर एकच शब्द हवा. 'माहीत नाही.'"

"मग माहीत करून घेऊ. फोन नंबर आहेत."

"दोनशे अठ्ठावीस फोन?"

"तिघं करू," मी म्हटलं. "दिशाला बोलवतो. तिचाच गुडघा आहे."

दिशा आली, नाक मुरडत. तिला वाटत होतं आम्ही तिला फसवून थांबवतोय. मिनलने तिला मुलींची यादी दिली आणि तीन प्रश्न. परत खेळायला लागलीस का? किती सामने खेळलीस? त्याच जागी पुन्हा लागलं का? बस. सल्ला द्यायचा नाही, वाद घालायचा नाही.

दिशाचा पहिलाच फोन इशिताला लागला. मी माझ्या फोनवर दुसऱ्याशी बोलत होतो, तरी कान तिकडेच होता. दिशा आधी हो-हो करत होती, मग नुसतीच ऐकत राहिली. फोन ठेवून तिने यादीत इशिताच्या नावापुढे रेघ मारली.

"नवव्या दिवशी खेळली," ती म्हणाली. "दुसऱ्या सामन्यात गुडघा पूर्ण गेला. ऑपरेशन झालं. आता जिना उतरताना कठडा धरते."

"मग ती गुरूंकडे परत का नाही गेली?" मिनलने विचारलं.

"लाजेने. गुरू म्हणतात ना, मनात संशय असला की बंधन तुटतं. तिला वाटलं आपल्याच मनात संशय होता. दोरा कापून खाडीत टाकला, कोणाला सांगितलं नाही."

काय सोय आहे बघा. खेळाडू बरा झाला तर गुरूंच्या गाठीने. पुन्हा लागलं तर खेळाडूच्या मनाने. आणि अशा मनाचा माणूस तोंड दाखवायला येत नाही. न येणारा प्रत्येक जण गुरूंच्या फ्लेक्सवर एक यश म्हणून चढतो. मी पंचवीस वर्षं गुण लिहितोय, पण प्रतिस्पर्धी मैदान सोडून गेला की आपोआप गुण मिळतो असा खेळ पहिल्यांदाच पाहिला.

शुक्रवार दुपारपर्यंत आम्ही घसा बसेस्तोवर फोन केले. कोणी ओरडलं, कोणी रडलं. एका फुटबॉलवाल्याने आम्ही विमा विकतोय असं समजून तीनदा फोन कापला.

आणि आला तो शनिवार. मैदान परत गच्च, कारण जिल्हा चाचणीच्या खेळाडूंचं सामूहिक बंधन होतं. स्टेजवर पाट मांडलेला. दिशाचं नाव पुकारलं गेलं. हौसाबाईंनी तिचा दंड धरून तिला वर नेलं. माझ्याशी काल तिने धड काही ठरवलं नव्हतं. "बघू," एवढंच म्हणाली होती. आत्याला नाही म्हणायची तिला सवय नव्हती, आणि चाचणी तिला माझ्यापेक्षा जास्त हवी होती. तिने पाटावर पाय ठेवला.

गुरूंनी दोरा हातात घेतला आणि नेहमीचं भाषण सुरू केलं. "कुणाला शंका असेल तर आत्ताच विचारा. रजिस्टर समोर आहे. ओपन चॅलेंज."

ही त्यांची दर वेळची ऐट. दोन वर्षांत कोणी विचारलं नव्हतं.

"मला आहे," मी म्हटलं आणि जिना चढलो. गर्दीत कोणीतरी 'ओ काका, बसा ना' म्हणालं. मी रजिस्टर उचललं. "गुरू, या शेवटच्या रकान्यात कोण परत आला नाही?"

"मार," गुरू हसले. "सबको पता है."

"मग इशितापुढे 'आली नाही' का?"

गुरू अडखळले, पण माणूस हुशार. "काका, मुलग्यांना मार लागतो. मुलींना दुखापत होते. दुखापत आली नाही. नाजूक विषय आहे, शब्द नाजूक वापरतो आम्ही."

मैदान हसलं, टाळ्या पडल्या. खरं सांगतो, असं उत्तर मला जन्मात सुचलं नसतं.

मी पानं उलटली. "नोंद एकशे त्र्याहत्तर. पायस सर, उत्तन. उजवा खांदा." पायस सरांना आमच्याकडे सगळे ओळखतात. पन्नाशी उलटली तरी उत्तनच्या पोरांना कबड्डी शिकवतात. "यांच्यापुढे काय लिहिलंय वाचतो. 'परत आले नाहीत.' आता सरांचा खांदा एक, मारही एकच. मग हे 'आले नाहीत' ते कोण? की सर वयाने मोठे, म्हणून त्यांच्या मारालाही अहो-जाहो करायचं?"

या वेळी मैदान हसलं ते माझ्या बाजूने. गुरूंनी हौसाबाईंकडे पाहिलं. "ताई, तुम्हीच सांगा, काय लिहिलंय ते."

हौसाबाई ताडकन म्हणाल्या, "सरांना मी 'आला नाही' कशी लिहीन? शिक्षक माणूस आहे."

"म्हणजे तुम्ही माणूस लिहिलात," मी विचारलं.

"मग काय लिहिणार? पस्तीस वर्षं हजेरीच लिहिली मी. एकविसाव्या दिवशी बोलावलेलं असायचं. आला तर आला, नाही आला तर नाही. गुरूंनी विचारलं, परत आला नाही असे किती? मी मोजून सांगितले, दोनशे अठ्ठावीस. माराचं मला..."

बाई थांबल्या. त्यांनी मान वळवून मागचा फ्लेक्स वाचला. दोन वर्षं रोज पाहिलेला फ्लेक्स त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा वाचला असं मला वाटलं. चेहरा उतरला त्यांचा. मला वाईट वाटलं, कारण अख्ख्या स्टेजवर खोटं न लिहिलेलं माणूस ते एकच होतं.

गर्दीच्या मागून आवाज आला. पायस सर स्वतः आले होते, मीच बोलावलं होतं. "मी परत आलो न्हाय, कारण हात वर जात न्हाय," ते म्हणाले. "सहाव्या दिवशी खांदा पुन्हा निखळला. पोरांना काय सांगू? लाज वाटली. डॉक्टरकडं गेलो गुपचूप."

गुरूंनी अजून हार मानली नव्हती. "ठीक आहे. माणसं परत आली नाहीत. पण का नाही आली? बरी झाली म्हणून. जो बरा झाला तो कशाला येईल?"

लोकांना हे पटलं. माना हलल्या. खरं तर पटण्यासारखंच होतं, तीच तर गोम. मिनल वर आली आणि माइक न घेता बोलायला लागली, मग लोकांनीच एकमेकांना गप्प केलं.

"आम्ही दोन दिवस फोन केले. दोनशे अठ्ठावीसपैकी एकशे नव्वद जण सापडले. अडतीस जणांचं आम्हाला अजून माहीत नाही, त्यांना मी बरे धरत नाही आणि वाईटही धरत नाही. एकशे नव्वदमधल्या चौसष्ट जणांनी खेळच सोडला. जो मैदानात उतरत नाही त्याला मैदानात लागणार कसं? त्यांना यश म्हणायचं असेल तर कपाटातलं बॅडमिंटनचं फूलसुद्धा दुखापतमुक्त आहे. एक्याऐंशी जणांना त्याच जागी पुन्हा लागलं. पंचेचाळीस खेळले आणि धड राहिले. रजिस्टरमधले परत आलेले बारा धरा, त्यांनाही विचारलं, तेही पुन्हा लागलं म्हणूनच परत आले होते. म्हणजे परत खेळलेले एकशे अडतीस, आणि त्यांतले त्र्याण्णव पुन्हा जायबंदी."

"तीनातले दोन," कोणीतरी हिशेब केला.

गुरूंनी शेवटचा डाव टाकला. "आणि तुमचे? मॅडम, तुमच्याकडे व्यायाम करणाऱ्यांना पुन्हा लागत नाही?"

"लागतं. काकांच्या वह्यांमधून साठ जण काढले. त्यांतल्या तीस जणांना पुन्हा लागलं."

"निम्मे!" गुरूंनी दोन्ही हात वर केले. "विज्ञान निम्मे!"

"थांबा. ते साठ जण मिळून सहाशे सामने खेळले. तुमचे एकशे अडतीस मिळून पाचशे सतरा. नुसती माणसं मोजली तर फसायला होतं, कारण जो जास्त खेळतो त्याला लागायची संधीही जास्त. म्हणून शंभर सामन्यांमागे किती, हे बघायचं. व्यायाम करून परतलेले, शंभर सामन्यांत पाच. दोरा बांधून आठ-दहा दिवसांत उतरलेले, शंभरात अठरा." मग तीच पुढे म्हणाली, "यातही कच्चे दुवे आहेत. कदाचित जास्त लागलेलेच गुरूंकडे जात असतील. म्हणून दोऱ्याने वाईट होतं असं मी म्हणणार नाही. दोऱ्याने काहीच होत नाही. वाईट होतं ते न भरलेला गुडघा घेऊन खेळल्याने. पहिल्यांदा लागलेल्या जागी दुसऱ्यांदा लागायचा धोका मुळातच जास्त असतो, आणि त्यावर एकच औषध आहे, वेळ आणि मेहनत. ते फुस्स करून येत नाही."

स्वतःच्या बाजूचे कच्चे दुवे सांगणारा माणूस त्या स्टेजने बहुधा पहिल्यांदाच पाहिला. लोक बावचळले. कोणाला टाळ्या वाजवाव्यात कळेना.

"संशय," गुरू पुटपुटले. "यांच्या मनात संशय आहे. दिशा बेटा, तुझ्या मनात संशय आहे का?"

सगळं मैदान दिशाकडे पाहायला लागलं. ती पाटावर पाय ठेवून उभी होती, अजून. एकोणीस वर्षांची पोर, समोर हजारभर माणसं, उद्या चाचणी. मला वाटलं, आता ही 'नाही' म्हणणार आणि संपलं.

"आहे," दिशा म्हणाली. "इशिताच्या मनात नव्हता. तिने शंभर टक्के विश्वास ठेवला होता. मी तिच्याशी बोललेय."

तिने पाय पाटावरून काढला. आणि मग रडली, तिथेच, तोंडावर हात न घेता, सगळ्यांसमोर. कारण पाय काढला म्हणजे चाचणी गेली, हे तिला त्या मैदानातल्या कोणाहीपेक्षा जास्त कळत होतं. हौसाबाईंनी तिला जवळ घेतलं. गुरूंना त्यांनी एक शब्द सुनावला नाही. फक्त रजिस्टर माझ्या हातातून काढून घेतलं, कापडात गुंडाळलं आणि काखेत मारलं.

रविवारी निवड झाली, दिशाशिवाय. तिच्या जागी आलेली मुलगी चांगली खेळली, मीच तिचे गुण लिहिले. गोष्टीत असतं तसं काही घडलं नाही. कोणी चाचणी पुढे ढकलली नाही, कोणी दिशासाठी खास जागा काढली नाही. ती पाच महिने मिनलकडे एका पायावर उभं राहायचा, बसायचा, उठायचा कंटाळवाणा व्यायाम करत होती आणि मला रोज शिव्या घालत होती. आता मोठ्या गटात खेळते. कालच्या सामन्यात अकरा चढाया. उद्या तिला पुन्हा लागणार नाही याची हमी मी देणार नाही. जो देईल त्याच्या शालीखाली आधी बघा.

बंधनगुरूंनी मीरा रोड सोडलं. सध्या पलीकडच्या शहरात असतात, ऐकतो की तिथे अठ्ठ्याण्णव टक्के झालेत. माणूस प्रगती करतोय.

हौसाबाई मात्र महिनाभर दारातून माझ्याशी बोलल्या नाहीत. मग एक दिवस आल्या आणि म्हणाल्या, "ते अडतीस राहिलेत." रोज दुपारी त्यांनी एकेकाला गाठलं. ज्यांचे नंबर बदललेले होते, त्यांच्या घरी रिक्षाने गेल्या. शेवटचा होता सार्थक, भाईंदर गावातला. त्याची आई दारात आली. पोरगा आता खेळत नाही, म्हणाली, घोटा कायमचा धरलाय. हौसाबाई म्हणाल्या, तुमच्या मुलाचं नाव मी लिहिलं होतं, पुढे काय झालं ते विचारायला आलेय. ती बाई दार धरून उभी राहिली आणि म्हणाली, "दोन वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं हो."

हे सांगताना हौसाबाई माझ्यासमोर रडल्या. मी पण रडलो, लपवत नाही.

तेव्हा वाचकहो, एवढंच सांगायचंय. पुढच्या वेळी कोणी तुम्हाला शेकड्यात चमत्कार सांगितला, मग तो बाबा असो, डॉक्टर असो, की क्लासवाला असो, तर हात जोडू नका आणि नुसते हसूही नका. विचारा, परत न आलेल्यांचं काय झालं? ते मोजलेत का? त्यांना शोधायला साक्षात्कार लागत नाही. एक फोन लागतो, आणि तो करायची लाज वाटता कामा नये.